कॉर्नेलिया सोराबजी : डेक्कन कॉलेजातून ऑक्सफर्डपर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तृत्ववान स्त्रीची ओळख करून द्यावी, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ते काम अध्यक्षाबाईंनी माझ्याकडे दिले. मी लेखिका नव्हे. सारा जन्म शाळेत गेला, आणि फळ्यावर लिहिले तेवढेच माझे लेखन. तरीही मी नाही म्हणाले नाही. कोणाविषयी लिहायचे ते चैत्रातच माझ्या मनाशी ठरून गेले होते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण साऱ्या जमलो होतो. कैरीची डाळ आणि पन्हे चालले असताना आपल्यातल्याच एका भगिनीने आनंदाची बातमी सांगितली. तिच्या मुलीने एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आय.आय.टी.ची जॅम नावाची परीक्षा दिली होती, आणि तीत तिला चांगला क्रमांक मिळाला होता. मुलगी शिकली ती आपल्याच भागातल्या एका लहानशा कॉलेजात. सगळ्यांनी कौतुक केले. मग कोणीतरी सहज विचारले, की इकडच्या कॉलेजातली मुलगी तिकडे निभावेल का, आणि हिच्या कॉलेजचे नाव तरी तिथे कोणाला ठाऊक असेल का. विचारणारीच्या मनात वाईट काही नव्हते. पण मुलीने पन्ह्याचे भांडे तसेच खाली ठेवले, आणि त्यानंतर ती फारसे बोलली नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. मी १९७९ साली बी.ए. झाले. कॉलेज लहान, तालुक्याच्या गावचे. पहिला वर्ग मिळाला, आणि पुण्याला जाऊन एम.ए. करावे असे फार मनात होते. वडीलही तयार झाले होते. पण एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, हे मला कोणी सांगितलेच नाही. ते कळून कागद हाती येईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून गेली होती. पुढच्या वर्षी लग्न झाले. संसार चांगला झाला, नोकरीही झाली. तक्रार काही नाही. पण आपल्यासारख्या कॉलेजातल्या मुलीने मोठ्या जागेचे मनात आणूच नये, अशी एक गाठ कोठेतरी बसून राहिली. ती गाठ सुटावी म्हणून मी कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र पुन्हा काढून वाचले. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. आपल्या लासूर स्टेशनावरून गाडीत बसले की मनमाडवरून नाशिक गाठता येते, म्हणजे त्या तशा आपल्या शेजारच्याच. अर्थात त्या काळी आपल्याकडे रेल्वे नव्हती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही लाइन १९०० साली सुरू झाली. आपला मुलूख निजामाचा, नाशिक इंग्रजांच्या मुलखातले. वडील सोराबजी खरसेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यापायी आप्तेष्टांचा रोष पत्करला. आई फ्रान्सिना या जन्माने नीलगिरीकडच्या. एका इंग्रज दांपत्याने त्यांना लहानपणी मुलगी म्हणून वाढविले होते. असे हे घर कोणत्याच एका जातीचे नव्हते. कदाचित म्हणूनच त्या घरात मुलगी झाली म्हणून कोणाचे तोंड उतरले नाही. सात मुली आणि एक मुलगा जगले, वाढले, आणि मुलींच्या शिक्षणात काही उणे ठेवलेले दिसत नाही.

कॉर्नेलियाबाईंचे बालपण बेळगावात आणि पुढे पुण्यात गेले. पुण्यात आईने १८७६ साली व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. पुढे मराठी आणि इतर भाषांच्याही शाळा चालविल्या. ही आई नुसती शिकविणारी नव्हती. अडलेल्या बायका सल्ल्यासाठी तिच्याकडे येत. त्यांत एकदा एक पडद्यातली विधवा आली. तिच्या कारभाऱ्याने कागदावर तिची सही घेऊन तिची मालमत्ता लुबाडली होती. बाई वाचू शकत नव्हती, आणि पुरुष वकिलासमोर बसून बोलणे तिच्या घरच्या रीतीत बसत नव्हते. लहानगी कॉर्नेलिया हे सारे ऐकत होती. अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिकला पाहिजे, हे आईने तिच्या मनात त्याच वयात रुजविले. पुढे १९३४ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्याचा उगम याच प्रसंगात असल्याचे सांगितले आहे.

पण कायदा शिकायचा म्हणजे आधी पदवी हवी, आणि मुंबई विद्यापीठ तर मुलींना परीक्षेलाच बसू देत नव्हते. थोरल्या बहिणींच्या वेळी विद्यापीठाने नकार दिला होता. वडिलांनी तो विषय सोडला नाही. १८८३ साली विद्यापीठाने नियम बदलला, आणि कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजातल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी.

आपल्याला डेक्कन कॉलेज म्हटले की लोकमान्य टिळक आणि आगरकर आठवतात. दोघेही तेथलेच. महाराष्ट्रात त्या कॉलेजचे नाव मोठे, यात शंका नाही. पण विलायतेत ते कोणाला ठाऊक असणार? ऑक्सफर्ड शेकडो वर्षांचे, आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. तिशीही न उलटलेले. ऑक्सफर्डच्या माणसाला पुणे नकाशात शोधावे लागले असते. आज आपल्या कॉलेजकडे मोठ्या शहरातले लोक ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने त्या वेळी डेक्कन कॉलेजकडे पाहणारे लोक जगात होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

कॉलेजात त्या एकट्या मुलगी. बाकी सारे पुरुष विद्यार्थी. त्या वर्गाकडे येत आहेत असे दिसले की काही विद्यार्थी तोंडावर दार लावून घेत. व्याख्यान चुकावे, कंटाळून ती आपोआप निघून जावी, हा हेतू. भगिनींनो, एक दिवस तसे घडले तर आपण घरी येऊन रडू आणि दुसऱ्या दिवशी जाऊ. पण वर्षानुवर्षे रोज सकाळी त्या दाराकडे चालत जायचे, याला वेगळीच छाती लागते. त्या जात राहिल्या. मिळतील ती बक्षिसे आणि विद्यावेतने घेत राहिल्या. बी.ए.च्या परीक्षेत त्यांना पहिला वर्ग मिळाला, आणि डेक्कन कॉलेजच्या सर्व विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला आला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या.

येथपर्यंतची हकिगत सुखाची आहे. यापुढे खरी परीक्षा.

त्या काळी हिंदुस्थान सरकारची एक शिष्यवृत्ती होती. परीक्षेत वरचा क्रमांक मिळविणाऱ्या पदवीधराला विलायतेच्या विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी ती मिळे. नियमाप्रमाणे कॉर्नेलियाबाईंचा हक्क तयार झाला होता. पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण. गुणांत कसूर नव्हती, वागणुकीत नव्हती. नियम करणाऱ्यांच्या मनात विद्यार्थी म्हणजे पुरुष एवढेच होते.

येथे मी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुढे १८९६ साली पुण्याच्याच फर्ग्युसन कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, म्हणजे सिनिअर रँग्लर झाले. ते जाताना फर्ग्युसन कॉलेज अवघे अकरा वर्षांचे होते, आणि स्वतः परांजपे दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यातले. तेव्हा कॉलेज नवे की जुने, गाव लहान की मोठे, यावर सारे अडत नाही हे उघड आहे. कॉर्नेलियाबाईंच्या बाबतीत अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्या मुलीचे काही अडले तर नेमके कोठे अडले ते आपण पाहावे. आपण फार लवकर म्हणतो, की पोरीची कुवत नाही किंवा आपले कॉलेजच तसले. पुष्कळदा कुवत असते, कॉलेजही पुरते. अडते ते पैशाशी, एखाद्या कागदाशी, नाहीतर कोणाच्या तरी मनाशी.

शिष्यवृत्ती गेल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकविण्याची जागा मिळाली, ती त्यांनी घेतली. १८८८ सालची ही गोष्ट. बाविशीच्या आतबाहेरची ही तरुणी पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गावर उभी राहून शिकवू लागली. पुण्यात ज्यांनी तोंडावर दार लावले त्यांच्याच वयाचे हे विद्यार्थी. ही नोकरी पोटापुरती होती खरी, पण तिचा आणखी एक उपयोग झाला. पदवीच्या कागदापलीकडे ही मुलगी काय करू शकते, याचा जिता पुरावा त्यातून तयार झाला.

आणि त्याच वर्षी त्यांनी पत्र लिहिले. विलायतेत नॅशनल इंडियन असोसिएशन नावाची एक संस्था होती. मेरी कार्पेंटर या बाईंनी ती १८७० साली स्थापन केली होती, आणि हिंदी स्त्रियांच्या शिक्षणात तिला आस्था होती. आपले शिक्षण पुरे करण्यासाठी साहाय्य मिळावे, असे कॉर्नेलियाबाईंनी त्या संस्थेला कळविले. मिस ॲडलेड मॅनिंग या तेथे चिटणीस होत्या. त्यांनी आणि लेडी मेरी हॉबहाउस यांनी हे काम आपले मानले. लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात एक पत्र प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातली एक मुलगी परीक्षेत पहिली आली, आणि केवळ मुलगी म्हणून तिची शिष्यवृत्ती गेली, ही हकिगत त्यांनी इंग्लंडच्या लोकांपुढे मांडली. मग वर्गणी जमू लागली. जखमी सैनिकांची शुश्रूषा करून जगभर नाव झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पैसे दिले. पुढे काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे सर विल्यम वेडरबर्न यांनी दिले. आणखीही पुष्कळांनी दिले. सरकारने जे नाकारले ते मंडळींनी पदरचे घालून उभे केले.

मला या ठिकाणी आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांच्याजवळ तर कॉलेजच नव्हते. पण त्यांच्या शिक्षणाची तळमळ एका मासिकात छापून आली. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी ती वाचली, पत्र लिहिले, आणि घरात जागा दिली. त्यातून आनंदीबाई १८८३ साली निघाल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. दोन्ही वेळा एका परक्या बाईने पत्र लिहिले म्हणून दार उघडले. गुण मुलीचे, पण ते गुण दूरच्या माणसापर्यंत पोचवायला कोणीतरी मध्ये लागते.

१८८९ साली कॉर्नेलियाबाई इंग्लंडला पोचल्या. आरंभी मॅनिंगबाई आणि हॉबहाउस यांच्या घरी उतरल्या, आणि मग ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. समरव्हिल हे स्त्रियांसाठी १८७९ साली निघाले होते, म्हणजे तेही दहाच वर्षांचे. खुद्द ऑक्सफर्डमध्येसुद्धा स्त्रियांचे कॉलेज म्हणजे त्या वेळी बाजूला ठेवलेले अपत्यच होते. स्त्रियांनी व्याख्याने ऐकावी, काही परीक्षा द्याव्या. पदवी मात्र मिळणार नाही, असा तेथला नियम होता.

सुरुवातीला त्यांना साहित्याकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. बाईमाणसाने साहित्य वाचावे, शिकवावे, हे लोकांच्या पचनी पडत होते. पण आईकडे आलेली ती विधवा त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी कायदाच धरला, आणि तोही वरच्या पायरीचा. ऑक्सफर्डची बी.सी.एल. म्हणजे कायद्याची उच्च परीक्षा. पदवी झालेल्या चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही ती जड जाई. ती परीक्षा तोवर कोणा स्त्रीने दिली नव्हती.

येथे त्यांना एक मोठा आधार मिळाला. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट हे त्या वेळी ऑक्सफर्डमधले फार वजनदार गृहस्थ. त्यांनी या पुण्याच्या मुलीला जवळ केले. आपल्याकडे येणाऱ्या मोठमोठ्या लोकांशी तिची गाठ घालून दिली. कायद्याची दुर्मिळ पुस्तके ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात होती, आणि तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्या कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अँसन यांनी १८९० साली त्यांना तेथे बसून वाचण्याची परवानगी दिली. त्या ग्रंथालयात बसणारी ती पहिली स्त्री. मला हा प्रसंग फार आवडतो. डेक्कन कॉलेजात ज्या मुलीच्या तोंडावर वर्गाचे दार लागत होते, तीच आता अशा ठिकाणी पुस्तक उघडून बसली होती, की जेथे इंग्लंडच्या मुलींनाही पाऊल टाकता येत नव्हते.

१८९२ साल उजाडले. परीक्षा आली, आणि पुन्हा नियम आडवा आला. पुरुषांच्या बरोबर परीक्षागृहात स्त्रीला कसे बसवावे? वेगळी बसवून वेगळी परीक्षा घ्यावी, असेही निघाले. कॉर्नेलियाबाईंनी ते मान्य केले नाही. वेगळी परीक्षा दिली तर उद्या तिची किंमतही वेगळी ठरेल, हे त्यांना कळत होते. सर्वांना जी परीक्षा तीच मला, सर्वांच्या बरोबर, असे त्यांनी मागितले. शेवटी ऐन परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने खास ठराव केला, आणि त्या परीक्षेला बसल्या.

निकाल लागला. तिसरा वर्ग मिळाला. मी ही गोष्ट झाकून ठेवणार नाही. चरित्रे लिहिताना आपण सारेच सोन्याचे करून टाकतो, आणि मग आपल्या मुली स्वतःचे गुणपत्रक पाहून खचतात. पुण्यात पहिली आलेली मुलगी ऑक्सफर्डला तिसऱ्या वर्गात आली. जागा बदलली की क्रमांक बदलतो. तेथे सगळेच आपापल्या गावचे पहिले असतात. त्यातून तेथल्या विद्यार्थ्यांना लहानपणापासून जे घरबसल्या मिळाले होते, ते हिला तीन वर्षांत मिळवावे लागले होते. पण उत्तीर्ण झाली, हे खरे; आणि ती परीक्षा उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री झाली, हेही खरे.

पदवी मात्र हाती पडली नाही. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली, तरी स्त्रियांना पदवी नाही म्हणजे नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे १९२० साली मान्य केले. कॉर्नेलियाबाईंनी आपली पदवी घेतली ती १९२२ साली, परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. आपल्यातल्या कित्येकींनी पन्नाशीनंतर परीक्षेचा अर्ज भरताना लाज वाटते म्हणून मागे पाऊल घेतले आहे. त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

मधल्या तीस वर्षांत त्या काय करीत होत्या? १८९३ साली त्या परत आल्या, आणि येथे त्यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला. कायदा शिकलेली स्त्री आहे, पण स्त्रीला वकिलीची सनद नाही. १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात त्यांनी एका खुनाच्या खटल्यात आरोपीची बाजू मांडली. वकील म्हणून नव्हे. आरोपीच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला बोलण्याची मुभा कायद्यात होती, तिचा आधार घेऊन. ब्रिटिश न्यायालयात स्त्रीने अशी बाजू मांडण्याची ती पहिलीच वेळ. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. दिली. १८९९ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाल्या, आणि प्रत्येक वेळी सनद नाकारली गेली.

शेवटी त्यांनी सरकारलाच पुन्हा पुन्हा लिहिले, की पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेचे रक्षण करायला कोणी कायदा जाणणारी स्त्री नेमा. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची सल्लागार म्हणून नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख. पालखीतून, होडीतून, हत्तीवरून त्या जमीनदारांच्या वाड्यांत जात. पडद्याआड बसलेल्या विधवा आणि त्यांची अल्पवयीन मुले यांची गाऱ्हाणी ऐकत, कागद तपासत, कारभाऱ्यांचे हिशेब बाहेर काढीत. कोणा मुलीला शाळेत घाल, कोणाला परिचारिकेचे शिक्षण दे, हेही करीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या वर स्त्रिया आणि मुलांना त्यांनी साहाय्य केले. आईकडे आलेल्या त्या एका विधवेचे ऋण असे सहाशे वेळा फेडले गेले.

सनदेचे कोडेही अखेर सुटले. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची नोंद केली, आणि १९२३ साली स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदाच झाला. १९२४ पासून त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. पण तेथेही न्यायाधीशांचे मन तयार नव्हते. कोर्टात उभे राहून बोलण्यापेक्षा लेखी मते तयार करण्याचेच काम त्यांच्या वाट्याला अधिक आले. पुढे त्या लंडनला जाऊन राहिल्या, आणि ६ जुलै १९५४ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, तेथेच वारल्या.

त्यांचे सारेच आपल्याला पटेल असे नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींचे राजकारण त्यांना मान्य नव्हते. अमेरिकेतल्या कॅथरीन मेयो या बाईंनी १९२७ साली हिंदुस्थानाची निंदा करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा कॉर्नेलियाबाईंनी तिची बाजू घेतली. त्यामुळे त्यांची जुनी माणसे दुरावली, आणि स्त्रियांच्या संस्थांतले त्यांचे कामही मागे पडले. देशाने त्यांना बराच काळ विसरून टाकले ते त्यामुळेच. आपल्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी तर निजामाच्या राजवटीत मुक्तीसाठी काय सोसले ते आपण ऐकले आहे. परक्या सत्तेचे कौतुक आपल्याला रुचणार नाही. पण माणूस एका ठिकाणी चुकला म्हणून त्याने दुसऱ्या ठिकाणी फोडलेला खडक पुन्हा सांधला जात नाही. त्या वाटेने पुढे कितीतरी मुली गेल्या.

आता मी आपल्या चैत्रातल्या प्रश्नाकडे परत येते. लहान कॉलेजातल्या मुलीला मोठ्या ठिकाणी कोण विचारणार?

कॉर्नेलियाबाईंच्या चरित्रातून मला याची चार उत्तरे मिळाली. पहिले, ज्या कॉलेजात आहोत तेथे पहिले यावे; दुरून पाहणाऱ्याला कॉलेज दिसत नसले तरी तेथला पहिला क्रमांक दिसतो. दुसरे, एक दार लागले तर वर्ष वाया घालवू नये. नोकरी, शिकवणी, प्रयोगशाळेतले काम, काहीतरी करून आपली लायकी दाखविणारा पुरावा वाढवावा. तिसरे, मागावे. पत्र लिहावे, अर्ज करावा, नकार आला तर पुन्हा करावा. ज्या प्राध्यापकांनी आपले काम डोळ्यांनी पाहिले आहे त्यांच्याकडे जाऊन शिफारसपत्र मागण्यात कमीपणा नाही. चौथे, सर्वांची जी परीक्षा तीच द्यावी. आज तर त्या बाबतीत आपल्या मुलींचे भाग्य मोठे आहे. जॅमच्या परीक्षेत गुण देताना मुलगी कोणत्या कॉलेजची हे पाहिलेच जात नाही. साऱ्या देशाला एकच प्रश्नपत्रिका. जे येते तेवढेच मोजले जाते.

ही चार कामे मुलीची. पाचवे आपले आहे. गुण मुलीजवळ असले तरी वाटखर्च कोणाजवळ असतो? बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, आणि मराठवाड्यातल्या किती घरांत त्यामुळे पहिला पदवीधर झाला. कॉर्नेलियाबाईंना पाठविले ते लेडी हॉबहाउस यांच्या पत्राने आणि अनेकांच्या वर्गणीने. आपल्यात महाराजही नाहीत आणि लेडीही नाहीत. पण आपल्या मंडळात भिशी आहे, पापड-कुरडयांच्या विक्रीतून उरणारे पैसे आहेत, आणि पत्र लिहिता येणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. तिला जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी आणि वसतिगृहासाठी ठरलेल्या तारखेच्या आत पैसे भरायचे होते, आणि तिच्या आईने हातातल्या पाटल्या मोडून ते भरले. आईने ते हसतमुखाने केले. आपल्याला कोणाला बोललीसुद्धा नाही. नंतर तिचे मोकळे हात पाहून कळले. मला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखे झाले. प्रश्न विचारायला आपण साऱ्या होतो, आणि पैसे भरायच्या दिवशी ती एकटी होती.

म्हणून माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. या वर्धापनदिनापासून भिशीतून आणि विक्रीतून थोडा भाग बाजूला काढून मुलींच्या पुढच्या शिक्षणासाठी एक विद्यानिधी सुरू करावा. मुलीने नोकरी लागल्यावर जमेल तसे परत करावे, म्हणजे पुढचीला मिळेल. आणि कोणत्या प्रवेशाला कोणते कागद लागतात, कोणत्या तारखा असतात, कोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात, याची वही मी स्वतः ठेवीन. मायग्रेशन सर्टिफिकेट हा शब्द त्या वहीत पहिल्या पानावर असेल. माझे वाचनाचे चष्मे अजून शाबूत आहेत, आणि मोबाईलवरून अर्ज भरायला नातू शिकवितो आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबते. ज्या कॉर्नेलियाबाईंना केवळ स्त्री म्हणून शिष्यवृत्ती नाकारली गेली, त्यांच्या नावाने आता ऑक्सफर्डच्या त्याच समरव्हिल कॉलेजात भारतीय विद्यार्थ्यांना कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती निघाली आहे. लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळाही बसला. आपल्या विद्यानिधीला आपण कोणाचेही नाव देऊ नये असे मला वाटते. ती जागा तशीच मोकळी ठेवावी. लासूरची एखादी मुलगी पुढे असे काही करील, की ते नाव तेव्हा आपोआप सापडेल.